पोट भरले, पण अंगी लागले का?

गढवालमधील चोपता या ठिकाणाहून तुंगनाथला जाणारी पायवाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. मंदिर सुमारे ३६८० मीटर उंचीवर. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस काही शिक्षक आणि अकरावी-बारावीची मुले यांच्यासोबत आम्ही ही वाट चढत होतो. बर्फ नुकताच वितळला होता, बुग्याळावर कोवळे हिरवे फुटत होते. वाटेलगतच्या दगडांच्या राशीतून एक तपकिरी, गोल कानांचा, शेपूट नसलेला प्राणी बाहेर आला. त्याने पानांचा एक झुपका तोडला, दोन क्षण मान वर करून पाहिले आणि पुन्हा दगडांत गडप झाला. असे तीन-चार वेळा झाले. मुलांनी आधी उंदीर म्हटले, मग घूस म्हटले. तो होता पिका.

बारावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, इथे तर सगळीकडे चाराच चारा आहे. मग हा एवढ्या घाईत का? भुकेला आहे की घाबरलेला?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. दमही लागला होता. परंतु उत्तर अर्धेच होते, हे उतरताना जाणवत राहिले. भूक आणि भीती या दोन गोष्टी त्या प्राण्याच्या शरीरात शेवटी एकाच हिशेबात येऊन पडतात. आणि चारा भरपूर दिसणे व चारा कसदार असणे यांत मोठा फरक आहे. त्या प्रश्नाचे उरलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

पिका दिसतो उंदरासारखा, पण तो कुळाने सशाचा जवळचा नातलग. जुने इंग्रज शिकारी त्याला 'माउस-हेअर' म्हणत. तुंगनाथला दिसतो तो रॉयलचा पिका. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या जॉन फोर्ब्स रॉयल यांचे नाव त्याला १८३९ साली मिळाले. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या पेरूएवढे. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात त्याचा एक भाऊबंद राहतो, अमेरिकन पिका. या दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ते हिवाळ्यात शीतनिद्रा घेत नाहीत. मार्मोट सहा-सात महिने झोपून काढतो. पिका बर्फाखालच्या दगडांत जागा असतो आणि त्याला रोज काहीतरी खावे लागते.

आता 'ताण' या शब्दाकडे वळू. परीक्षेच्या मोसमात हा शब्द आपण इतका वापरतो, की तो मनाचाच एक प्रकार वाटू लागतो. शरीरशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या साप्ताहिकात एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, अति व्यायाम करायला लावा किंवा एखादे विषारी द्रव्य द्या. कारण कोणतेही असो, काही परिणाम मात्र एकसारखे दिसतात, असे त्यांना आढळले. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होतात, थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठराला व्रण पडतात. कारणे अनेक, प्रतिसाद एक. ताणाच्या अभ्यासाची सुरुवात येथून झाली, आणि त्यातली अडचणही येथूनच सुरू झाली. ती अडचण पुढे येईल.

साखळी अशी आहे. मेंदूतील अधश्चेतकाकडून पीयूषिका ग्रंथीला संदेश जातो. पीयूषिका रक्तात दुसरे एक संप्रेरक सोडते. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते, आणि या ग्रंथी कॉर्टिसॉल किंवा कॉर्टिकोस्टेरॉन ही संप्रेरके सोडतात. या गटाचे नाव ग्लुकोकॉर्टिकॉइड. नावातला 'ग्लुको' उगाच आलेला नाही. रक्तातील ग्लुकोज टिकवणे हे त्यांचे मुख्य काम. संकट येते तेव्हा स्नायूंना आणि मेंदूला इंधन हवे असते. ते बाहेरून मिळत नसेल तर घरातून काढावे लागते. ही संप्रेरके चरबी मोकळी करतात, स्नायूंतील प्रथिने मोडतात आणि त्यांतून सुटणाऱ्या अमिनो आम्लांपासून यकृतात ग्लुकोज तयार होते.

कोल्ह्यापासून पळणाऱ्या प्राण्यासाठी ही उत्तम व्यवस्था आहे. सकाळी उठून हिंडायला लागण्यासाठीही थोडेफार ग्लुकोकॉर्टिकॉइड लागतेच. म्हणून ही संप्रेरके वाईट, असे मुलांना सांगू नये. अडचण येते ती पातळी आठवडेच्या आठवडे चढलेली राहिली तर. रोजचा खर्च भागवण्यासाठी घरातील एकेक भांडे विकणाऱ्या कुटुंबासारखी त्या प्राण्याची स्थिती होते. स्नायू झिजतात, रोगप्रतिकारशक्ती मंदावते, प्रजनन लांबणीवर पडते.

आणि येथेच चाऱ्याचा संबंध येतो. रोज पोट भरत असेल, पण त्या भरलेल्या पोटातून पुरेशी प्रथिने व ऊर्जा मिळत नसेल, तर शरीराच्या दृष्टीने ती उपासमारच असते. आपल्याकडे खेड्यात याला अचूक शब्द आहेत. जनावर खाते, पण अंगी लागत नाही. चारा निकस आहे.

याचा नेटका पुरावा डोंगरातून नव्हे, समुद्रकाठच्या एका पक्ष्याकडून मिळाला. लाल पायांचा किटिवेक हा उत्तर प्रशांत महासागरातील पक्षी. त्याच्या पिल्लांना हाताने भरवून वाढवण्याचा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्या पिल्लांना स्निग्धांश कमी असलेले मासे दिले, त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉनची पातळी कायमची चढलेली आढळली. शिवाय त्यांना हाताळले असता ती अधिकच उसळत असे. रानातील पिकावर असा प्रयोग करणे फार अवघड. पण तत्त्व तेच आहे.

कस कशात असतो?

चाऱ्याचा कस मोजताना साधारण तीन गोष्टी पाहतात. पहिली नायट्रोजन, कारण प्रथिनांचा अंदाज त्यावरून येतो. नायट्रोजनला ६.२५ ने गुणले की ढोबळ प्रथिने निघतात, हे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना ठाऊक आहे. दुसरी तंतू, म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन. तिसरी वनस्पतीने स्वतःच्या बचावासाठी बनवलेली द्रव्ये, विशेषतः टॅनिनसारखी फिनॉलयुक्त संयुगे. हिरडा चघळला की तोंड तुरट होते, ते टॅनिनमुळे. लाळेतील प्रथिनांना ते चिकटून बसते. आतड्यातही ते प्रथिनांना असेच धरून ठेवते, आणि मग खाल्लेले प्रथिन पचनाच्या हाती पूर्ण लागत नाही.

कोवळ्या पानात नायट्रोजन अधिक, तंतू कमी. पान जून होते तसे प्रमाण उलटते. म्हशीला कडब्यावर दिवस काढता येतात, पिकाला येत नाहीत. हा केवळ सवयीचा प्रश्न नाही. लहान प्राण्याचा दर ग्रॅममागे ऊर्जेचा खर्च मोठ्या प्राण्यापेक्षा बराच जास्त असतो, पण आतडे मात्र शरीराच्या मापातच असते. म्हशीच्या पोटातील कोठीत चारा दोन-दोन दिवस आंबत राहू शकतो. पिकाजवळ एवढी जागाही नाही आणि एवढा वेळही नाही. त्याला थोडक्यात जास्त मिळवावे लागते, म्हणजेच निवडून खावे लागते.

निवडून खाऊनही कमी पडते ते तो दुसऱ्या मार्गाने भरून काढतो. सशाप्रमाणेच पिका दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरडी, गोल, मिरीच्या दाण्यासारखी लेंडी. दुसरी मऊ, अंधांत्रातून आलेली, जीवाणूंनी बनवलेल्या प्रथिनांनी आणि जीवनसत्त्वांनी भरलेली. ही दुसरी तो पुन्हा खातो. वर्गात हे सांगितले की मुले नाके मुरडतात. मुरडू द्यावीत, पण रवंथ करणारी गाय वेगळ्या वाटेने जवळजवळ हेच काम करते, हेही लगेच सांगावे.

डोंगरात कस आणखी एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे वेळ. बर्फ खालून वर वितळत जातो आणि त्याच्या मागोमाग कोवळ्या पानांची एक हिरवी लाट उतारावरून वर सरकते. भरलसारखे मोठे प्राणी या लाटेबरोबर चढत जातात. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन हेच करतात. खालचे गवत जून झाले की वरच्या कुरणात जायचे, तिथे अजून वसंतच असतो. एकाच उन्हाळ्यात असे अनेक वसंत गाठता येतात. पिकाला मात्र हे शक्य नाही. त्याचे घर म्हणजे दगडांची एक रास आणि तिच्या भोवतीचा छोटा टापू. तो त्याने इतरांपासून राखलेला असतो. हिरवी लाट त्याच्या दारावरून एकदाच जाते.

दारापासून लांब जाण्यातही धोका आहेच. पिकाचा खरा आसरा दगडांमधील फटी. त्यातून बाहेर पडून जितके लांब जावे तितकी मार्टेन, कोल्हा किंवा शिकारी पक्ष्याशी गाठ पडण्याची शक्यता अधिक. म्हणून तो चरतो ते राशीच्या कडेलाच. नॅन्सी हंटली यांनी १९८७ साली अमेरिकन पिकाविषयी दाखवून दिले, की राशीलगतच्या कुरणावर त्याच्या चरण्याचा भार सर्वांत जास्त पडतो आणि जसजसे लांब जावे तसतसा तो उतरतो. सुरक्षित जागेचा चारा तोच आधी संपवतो. चांगला चारा राहतो तो धोक्याच्या बाजूला.

यात उष्णतेची भर पडते. अमेरिकन पिकाच्या शरीराचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस असते आणि आणखी तीनेक अंशांची वाढ त्याला जीवघेणी ठरू शकते. दाट केसांचा कोट थंडीसाठी उत्तम, उन्हात मात्र तो उतरवता येत नाही. त्यामुळे दुपारी तो दगडांच्या गारव्यात जातो. चरायला उरते ती सकाळ आणि संध्याकाळ. दिवस तापू लागले की हा वेळ दोन्ही टोकांनी आखडतो. मग निवडून खायला सवड राहत नाही, जवळ असेल ते तोडावे लागते.

त्या मुलीला 'भुकेला की घाबरलेला' याचे सरळ उत्तर का देता आले नाही, ते आता लक्षात येईल. भीती त्याला निकस चाऱ्याकडे ढकलते, उष्णताही ढकलते. निकस चाऱ्यामुळे पोट भरायला जास्त वेळ बाहेर राहावे लागते, आणि बाहेर राहण्यामुळे भीती वाढते. तिन्हींचे बिल एकाच संप्रेरकाच्या रूपाने येते.

लेंडीतली नोंद

हे बिल वाचायचे कसे? सर्वांत सरळ मार्ग रक्त तपासणे. परंतु प्राणी पकडला की तीनेक मिनिटांतच रक्तातील ग्लुकोकॉर्टिकॉइड चढू लागते. म्हणजे आपण मोजतो तो आपणच दिलेला ताण. दगडांच्या राशीतून पिका पकडून तीन मिनिटांत त्याचे रक्त काढणे किती जमेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणून लेंडी. वापरून झालेली संप्रेरके यकृतात बदलली जातात आणि त्यांचे अवशेष पित्तातून आतड्यात व तेथून विष्ठेत येतात. लेंडीत एका क्षणाची नव्हे, तर मागच्या काही तासांची सरासरी नोंद सापडते. ताज्या लेंड्या गोळा करायच्या, गोठवायच्या, वाळवून दळायच्या, अल्कोहोलमध्ये अवशेष उतरवून घ्यायचे आणि मग त्या अवशेषांना ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने त्यांचे प्रमाण मोजायचे. प्राण्याला आपला पत्ताही लागत नाही.

या पद्धतीने अमेरिकन पिकावर चांगले काम झाले आहे. २०१५ साली रॉकी पर्वतातील दोन शेजारशेजारच्या जागांची तुलना प्रसिद्ध झाली. एका जागी दगडांखाली बर्फ टिकून होता, दुसरीकडे नव्हता. खाली बर्फ असलेल्या जागेतील पिकांच्या लेंड्यांत ताणाच्या संप्रेरकांचे अवशेष कमी आढळले. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले, की ज्या पिकांची ही पातळी चढलेली होती, त्यांची जगण्याची शक्यता कमी होती. म्हणजे लेंडीतला आकडा हा केवळ आकडा नव्हता. तो त्या प्राण्याच्या भवितव्याविषयी काही सांगत होता.

इतके वाचून चाऱ्याचा कस मोजावा, लेंडी तपासावी आणि दोन्हींचा आलेख काढावा, असा मोह होतो. येथे थांबायला हवे, कारण खरा गुंता येथेच आहे. सेल्ये यांच्या निरीक्षणातली अडचण ती हीच: प्रतिसाद एक आणि कारणे अनेक असतील, तर प्रतिसादावरून कारणाकडे जाता येत नाही. २०१८ च्या जून ते सप्टेंबर या काळात संशोधकांनी पिकांच्या ठराविक टापूंमधून दर दोन आठवड्यांनी लेंड्या गोळा केल्या. कोणाच्या टापूत कोणता चारा आहे, दगड केवढे आहेत, रास किती खोल आहे, हेही नोंदवले. अपेक्षा अशी, की चांगल्या टापूचा मालक निवांत आणि वाईट टापूचा मालक तणावग्रस्त सापडेल. प्रत्यक्षात दोन शेजाऱ्यांमधल्या फरकापेक्षा एकाच टापूत मोसमागणिक होणारा बदल मोठा निघाला. सर्वांनाच एकदम लागू होणारे ऋतूचे कारण हे घराघरांतील फरकापेक्षा वरचढ ठरले. जूनमधल्या एका लेंडीची ऑगस्टमधल्या दुसऱ्या लेंडीशी तुलना करून चाऱ्याविषयी निष्कर्ष काढणारा माणूस किती फसेल, हे यावरून दिसते.

दुसरा सापळा लेंडी पडून राहण्याचा. ऊन-पाऊस लागला, जीवाणूंनी काम सुरू केले, की आतले अवशेष बदलतात. २०१६ साली याच पिकांवरील एका अभ्यासाचा मुख्य विषय हाच होता. आमच्या उमेदवारीच्या काळात एकदा प्रयोगशाळेतील शीतकपाट रात्रभर बंद पडले होते. सकाळी वीज आली, नमुने पुन्हा घट्ट गोठले आणि कोणालाच काही कळले नाही. आकडे मात्र विचित्र आले. कारण शोधण्यात दोन महिने गेले, आणि तो सबंध मोसम शेवटी टाकून द्यावा लागला. अजूनही एखादा फारच सुंदर आलेख पाहिला की आम्हाला ते शीतकपाट आठवते.

तिसरा सापळा सर्वांत गमतीचा, आणि आपल्या विषयाच्या अगदी गाभ्यातला. निकस चाऱ्यात तंतू जास्त. तंतू पचत नाहीत, म्हणून विष्ठा जास्त पडते. संप्रेरकाचे अवशेष तेवढेच असतील, पण ते जास्त विष्ठेत पसरले, तर दर ग्रॅममागे प्रमाण कमी भरेल. वर्गात हे दाखवायला शाईचे दोन थेंब पुरेत. एक थेंब अर्ध्या पेल्यात, एक थेंब भरल्या पेल्यात. शाई तेवढीच, रंग फिका. म्हणजे ज्या चाऱ्यामुळे ताण वाढतो, तोच चारा ताणाची खूण पुसट करतो. कसदार कुरणातला निवांत पिका आणि निकस कुरणातला झिजणारा पिका यांचे आकडे सारखेच येऊ शकतात. विष्ठेतील संप्रेरकांवर तंतूंचा प्रभाव पडतो, याकडे बबून वानरांवरील कामाने १९९३ सालीच लक्ष वेधले होते. यावर उपाय आहेत. नमुना पूर्ण वाळवून कोरड्या वजनावर हिशेब करणे, लेंडीतच नायट्रोजन व तंतू मोजणे, एकूण किती विष्ठा पडते याचा अंदाज घेणे. पण हे सारे केले आहे की नाही, ते प्रत्येक शोधनिबंधात पाहावे लागते. एखादा टापू प्राण्यांसाठी ठीक आहे असा निर्वाळा अशा आकड्यांवरून दिला जातो, तेव्हा ही शंका विचारणे विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.

गंजीतले रसायन

अमेरिकन पिकाने हिवाळ्यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात तो हजारो फेऱ्या मारून पाने-फुले तोडून आणतो आणि दगडांच्या आडोशाला त्यांची गंजी रचतो. शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीसारखीच. डेनिस डिअरिंग यांनी कोलोरॅडोतील नायवॉट रिज येथे या गंज्यांचा अभ्यास केला आणि १९९७ साली त्याविषयी लिहिले. तेथे अल्पाइन अव्हेन्स नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. तिच्यात फिनॉलयुक्त द्रव्ये इतकी, की उन्हाळ्यात पिका ती खायला टाळतो. तरी गंजीत मात्र तीच मोठ्या प्रमाणात भरतो.

कारण फिनॉल द्रव्ये जीवाणू-बुरशीला आवर घालतात. ज्या वनस्पतींत ती जास्त, त्या गंजीत चांगल्या टिकतात. महिने जातात तशी ही द्रव्ये कमी होत जातात आणि ऐन हिवाळ्यात तोच पाला खाण्याजोगा होतो. विष हेच लोणच्यातले मीठ! पिका हे रसायनशास्त्र जाणून करतो असे कोणी म्हणणार नाही. परंतु खायचा चारा वेगळा आणि साठवायचा वेगळा, एवढे तो नेमके पाळतो.

या व्यवस्थेला हवामानबदलाचा धक्का बसू शकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण १९९० साली दशलक्ष भागांत सुमारे ३५४ होते, आता ते ४२० च्या वर गेले आहे. कार्बन जास्त मिळाला की अनेक वनस्पतींच्या पानांत नायट्रोजनचे प्रमाण घटते. पान तेवढेच, किंबहुना मोठे. पण आत प्रथिन कमी. बर्फ लवकर वितळला तर पाने लवकर जून होतात. रॉकी पर्वतातील चाऱ्याची आणि गंजीची प्रत हवामानामुळे घसरत असल्याची चिन्हे २०१५ साली एका अभ्यासाने नोंदवली. भूल पाडणारी गोष्ट अशी, की उपग्रहाच्या चित्रात असा डोंगर पूर्वीपेक्षा हिरवा दिसू शकतो.

आपल्या हिमालयातील रॉयलचा पिका सहसा अशा मोठ्या गंज्या रचत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत रोजच्या चाऱ्याला अधिकच महत्त्व येते. त्याच्या लेंड्यांतील वनस्पतींचा डीएनए वाचून तो काय खातो, हे भारतीय व परदेशी संशोधकांनी मिळून शोधले आहे. त्याच्या आहारात सी-३ प्रकारच्या वनस्पतींचा भरणा आढळला. सी-३ आणि सी-४ हा भेद अकरावी-बारावीच्या प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात येतो आणि तिथेच सोडून दिला जातो. त्याला येथे जिवंत अर्थ आहे. थंड हवेत सी-३ वनस्पतींचे चांगले चालते, ऊन वाढले की सी-४ गवतांना फायदा होतो. सी-४ गवते साधारणपणे जास्त तंतूची आणि कमी नायट्रोजनची असतात. डोंगर तापत गेला आणि सी-४ गवते वर चढू लागली, तर पिकाच्या पुढ्यातील ताटच बदलेल. तोही वर सरकू शकेल, पण जिथे दगडांच्या राशी आहेत तिथेच, आणि शिखर येईपर्यंतच.

निकस दिवस काढण्याची एक तऱ्हा तिबेटच्या पठारावरील पिकाने दाखवली आहे. तेथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली ३० अंशांपर्यंत उतरते आणि गवत वाळून कोळ होते. हा पिका गंजीही फारशी करत नाही आणि झोपतही नाही. तो दिवसाचा ऊर्जाखर्चच उन्हाळ्याच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी करतो, हालचाल आवरतो, शरीराचे तापमान किंचित उतरवतो. आणि याकचे शेण खातो. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा अनेकांना नवल वाटले. पण हिशेब सरळ आहे. याकने अर्धवट पचवलेले, मऊ झालेले, एका जागी सापडणारे अन्न; गोळा करायला लांब जावे लागत नाही. कस कमी, पण धोका आणि श्रमही कमी.

शाळेत पिका आणता येत नाही, पण तंतूंचा हिशेब करता येतो. हिरवा चारा खाणाऱ्या आणि निव्वळ कडब्यावर असलेल्या अशा दोन गाईंचे ताजे शेण हातमोजे घालून प्रत्येकी १०० ग्रॅम घ्यावे. जुन्या चहाच्या गाळण्यावर ठेवून वाहत्या पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. उरलेला चोथा उन्हात खडखडीत वाळवून वजन करावे. त्याच शेणाचे आणखी १०० ग्रॅम न धुता वाळवून त्याचेही वजन करावे, म्हणजे चोथ्याचे प्रमाण कोरड्या वजनाशी ताडून पाहता येईल. दोन्ही गाईंनी दिवसभरात किती शेण टाकले, ते गोठ्यातील माणसाला विचारून लिहून ठेवावे. मग मुलांना शाईच्या पेल्यांची आठवण द्यावी आणि विचारावे: दोन्ही शेणांत दर ग्रॅममागे संप्रेरक सारखेच निघाले, तर कोणती गाय अधिक ताणात आहे?